मृगाच्या आधी ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक कपलर साफ करून घ्या

उन्हाळी नांगरट आता उरकत आली आहे. 25 मेच्या सुमारास रोहिणी लागतात आणि 7-8 जूनला मृग. मधल्या दिवसांत पलटी नांगर सुटतो, शेणखत ओढायला डंपिंग ट्रॉली लागते, कुणाकडे लेव्हलर चालू असतो. हायड्रॉलिकचे, म्हणजे तेलाच्या दाबावर अवजार चालवणाऱ्या यंत्रणेचे, पाईप या दिवसांत सारखे काढावे-जोडावे लागतात, आणि शिवारात धुरळाही याच दिवसांत सगळ्यात जास्त उडतो. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला असलेल्या त्या दोन-चार कपलरकडे आत्ता लक्ष द्यायला हवं.

कपलर म्हणजे नांगराचा होज पाईप जिथे खटकन बसतो ती जागा. ट्रॅक्टरच्या बाजूला मादी, पाईपच्या टोकाला नर. एरवी हायड्रॉलिकचं तेल पूर्ण बंदिस्त असतं, बाहेरची माती त्याला लागत नाही. रोजच्या कामात ते उघडं पडतं ते इथेच. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स, मागचा डिफरन्शियल, लिफ्ट आणि बाहेरच्या पाईपांना जाणारं तेल एकच असतं. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर तेही याच तेलात चालतात. त्यामुळे कपलरवाटे आत गेलेली माती नांगराच्या जॅकपुरती (तेलाच्या दाबाने नांगर पलटवणारं नळकांडं) राहत नाही, सगळीकडे फिरते. लिव्हरखालच्या व्हॉल्वमधली फट जेमतेम काही मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. डोळ्यांना न दिसणारा काळ्या रानाचा फुफाटाही तिथे ओरखडे पाडायला पुरतो. मग लिव्हर जड होतं, नांगर पलटी मारायला वेळ लावतो, उचललेलं अवजार उभ्या उभ्या खाली बसायला लागतं. पुढचा खर्च पंप आणि व्हॉल्वचा, तो हजारांत जातो. कपलर पुसायला लागतं ते फक्त एक फडकं.

फडकंही कसलंही चालत नाही. गॅरेजमध्ये मिळणाऱ्या सुताच्या गुंत्याचे धागे कपलरच्या तोंडात अडकतात आणि तेलाबरोबर आत जातात. जुना धुतलेला सुती शर्ट फाडून केलेलं फडकं चांगलं. ते टूलबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, सीटखाली पान्यांबरोबर नको. जोडण्याआधी दोन्ही टोकं पुसायची, नर आणि मादी. बहुतेक जण हातात असलेलं नराचं टोक पँटला पुसतात आणि मादीकडे बघतही नाहीत, खरी माती तर तिथेच साचलेली असते. आधी बाहेरची धूळ ब्रशने झटका, मग टोपी उघडा, मग आतली कड फडक्याने फिरवून पुसा. खळगीत तेल-मातीचा काळा थर धरला असेल तर फडकं थोड्या डिझेलमध्ये भिजवून तो काढा आणि कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. पेट्रोल वापरू नका, आतल्या रबराला ते मारक आहे. कपलरच्या तोंडात ग्रीस भरायची सवयही सोडा. ग्रीसवर धूळ चिकटून बसते आणि पुढच्या जोडणीला तीच आत ढकलली जाते. मादीची मागेपुढे सरकणारी बाही जाम असेल तर हायड्रॉलिकच्याच तेलाचे दोन थेंब सोडून ती हलवत राहा. आतल्या बारीक गोळ्या मोकळ्या झाल्या की बाही बोटाने सरकते.

ट्रॅक्टर धुताना वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच सांगा की प्रेशरचा फवारा कपलरवर मारू नकोस. टोपीच्या फटीतून पाणी आत जातं, तेलात मिसळतं आणि तेल दुधाळ होतं. डिपस्टिकवर तेल पांढुरकं दिसलं तर ट्रॅक्टर कामाला नेण्याआधी ते बदलाच.

गावात एकच पलटी नांगर चार-पाच ट्रॅक्टरांना फिरतो. भाड्याच्या नांगराने काम भागतं, पण त्याच्या जॅकमध्ये आणि पाईपमध्ये मागच्या ट्रॅक्टरचं तेल भरलेलं असतं. तुम्ही लिव्हर ओढलं की ते तुमच्या ट्रॅक्टरात येतं. म्हणून असा नांगर जोडण्याआधी पाईपच्या टोकावर राहिलेला तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपून बघा. काळे कण दिसले किंवा थेंब दुधाळ असला तर नांगरमालकाला स्पष्ट सांगा. यात भीड धरण्यासारखं काही नाही, ट्रॅक्टर तुमचा आहे.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण हमखास येते. नांगर सोडून बांधावर उभा केला आणि दुपारी जोडायला गेलं तर पाईप बसतच नाही. पाईपमध्ये कोंडलेलं तेल उन्हाने तापून फुगतं आणि तो दाब नराच्या व्हॉल्वला आतून धरून ठेवतो. मग कुणीतरी हातोडी आणतं, कुणी दगड. नराच्या टोकावर असं ठोकू नका. व्हॉल्वची बसायची जागा चेपते आणि तो कपलर कायमचा गळका होतो. शिवाय दाबाखालचं तेल अंगावर उडतं ते वेगळंच. पाईप सावलीत निवू द्या किंवा सकाळच्या गारव्यात जोडा. तरीही नाही बसला तर मिस्त्रीकडून दाब सोडवून घ्या. मुळात ही वेळ येऊ नये म्हणून सोडताना अवजार पूर्ण जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, त्या पाईपचं लिव्हर दोन-तीनदा मागेपुढे करा आणि मगच कपलर काढा.

जोडल्यावर पाईप हलका ओढून बघा. ट्रॉलीच्या बाबतीत तर हे विसरूच नका. अर्धवट बसलेल्या कपलरमधून तेल दाबाने जाऊन ट्रॉली वर जाते, पण परत येताना व्हॉल्व बंद होतो आणि भरली ट्रॉली वरच अडकते. अशा ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कुणीही वाकायचं नाही. भार जॅकवर असताना कपलर ओढून सोडवायचाही नाही. घाई असली तरी मिस्त्री येईपर्यंत थांबा.

पाझर दिसला तर आधी ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बघा. ती मादीच्या आत खाचेत असते, शेजारी पांढरी कडक बॅकअप रिंग. जुनी रिंग स्क्रू ड्रायव्हरने उकरली तर खाचेला चरा पडतो आणि नवी रिंगही गळते. बांबूची टोकदार काडी पुरते. नवी रिंग त्याच मापाची घ्या, तेलात बुडवून बसवा. बॅकअप रिंग कपलरच्या तोंडाच्या बाजूला आणि ओ-रिंग आत, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. कपलर जिथे आट्यांनी बसवलेला आहे तिथून गळत असेल तर नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे तुटून व्हॉल्वमध्ये जातात. हायड्रॉलिकच्या दुकानात डाउटी वॉशर (आतून रबर बसवलेला धातूचा वॉशर) मिळतो, तो टाका.

गळती शोधताना पाईपवरून हात कधीच फिरवू नका. चालू हायड्रॉलिकमध्ये दीडशे बारच्या पुढे दाब असतो आणि सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीतून आत शिरते. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, पण आतलं मांस सडायला लागतं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती बघा. चुकून तेल टोचलंच तर हळद लावून घरी बसू नका. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि 'हायड्रॉलिकचं तेल दाबाने आत गेलंय' हे डॉक्टरांना आधी सांगा.

नांगर आता दसऱ्यापर्यंत उभा राहणार असेल तर दोन्ही नरांना टोप्या घाला. टोपी हरवली असेल तर नवी आणा, किंमत किरकोळ आहे. तोपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधली तरी चालेल. पाईप चिखलात लोळू न देता नांगराच्या सांगाड्यावर वर बांधा, तोंडं खाली करून. दोन पाईपांना दोन रंगांची टेप आत्ताच लावून ठेवा, म्हणजे रब्बीला कुठला पाईप कुठल्या कपलरला हा घोळ होणार नाही. आणि पेरणीच्या काळात ट्रॅक्टरवरच्या मादी कपलरच्या टोप्याही बंदच राहिल्या पाहिजेत. मागच्या टायरचा चिखल थेट त्यांच्यावरच उडतो.