बोटुकलीबरोबर येणारा रोग असा थांबवला

नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, तळ्यात सोडली की काही दिवसांत कल्ल्यांवर परजीवी आणि अंगावर लाल चट्टे दिसायचे. उपाय तळ्याबाहेरच करावा लागतो. आता बोटुकली आल्याबरोबर मिठाची डुबकी: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम साधे मीठ, म्हणजे 3 टक्के, 1 ते 2 मिनिटे. मासा कलंडला की लगेच बाहेर काढा. वेळ मोजत बसू नका. दमलेल्या माशांना 2 टक्केच पुरे. मिठाने बरेचसे बाह्य परजीवी सुटतात, शरीरातले जिवाणू मात्र जात नाहीत. म्हणून पुढे 3 आठवडे वेगळी टाकी हवीच. तिचे जाळे, बादली वेगळी. रोजचे काम आधी तळ्यावर, मग टाकीवर. उलट कधीच नाही. जाळे धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, ओल्या गाठींत जंतू तग धरतात.