पोपटी लावताय? मग या चुका टाळा

भातकापणी उरकते, जमिनीत राहिलेल्या ओलीवर पेरलेले वाल शेंगांनी भरतात आणि संध्याकाळी अंगावर काहीतरी पांघरावंसं वाटू लागतं, तेव्हा अलिबाग, पेण, पनवेल, रोहा, माणगाव या सगळ्या पट्ट्यात पोपटीचे दिवस येतात. साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डा या उग्र वासाच्या रानवनस्पतीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वांगी, मीठ आणि ओवा. मग मडकं उलटं करायचं आणि भोवती जाळ. थंडीत गरमागरम भाज्या खाण्याचा याहून चांगला प्रकार मला तरी माहीत नाही.

साहित्य इतकं मोजकं असल्यामुळे काही चुकलं तर ते झाकायला वाटण नाही की फोडणी नाही. शेतघरावर हौसेने पोपटी लावणारी मंडळी हल्ली खूप वाढली आहेत आणि दर हंगामात त्याच तक्रारी ऐकू येतात: शेंगा काळ्याठिक्कर झाल्या, बटाटा कच्चाच राहिला, मडकं तडकलं, चव पाणचट लागली. वेगवेगळ्या वाटल्या तरी यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. पोपटीत वरून पाणी घालत नाहीत. शेंगांत आणि पाल्यात जेवढं पाणी असतं त्याचीच वाफ होते आणि ती वाफच सगळं शिजवते. हे पाणी निसटून गेलं की शेंगा करपतात, आणि बाहेरचं जास्तीचं आत गेलं की पोपटीची उकड होते.

शेंगा घेताना

बाजारात सुंदर, चपटी, कोवळी पापडी दिसते म्हणून तीच उचलली जाते. ती भाजीला उत्तम, पोपटीला नाही. अर्ध्या तासाच्या आचेत ती लिबलिबीत होते आणि हातात नुसती सालं राहतात. पोपटीला गावठी वालाच्या शेंगा हव्यात, दाणा टच्च भरलेला आणि साल अजून हिरवं. बोटाने दाबल्यावर दाणा जाणवला पाहिजे. साल पिवळं पडायला लागलं असेल तर दाणा निबर झालेला असतो. तो शिजायला वेळ घेतो आणि तोवर बाकीच्या शेंगा हाताबाहेर गेलेल्या असतात. शेंगेवर बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे असं समजून बाजूला काढा.

शेंगा शक्यतो त्याच दिवशी तोडलेल्या असाव्यात. दोन-तीन दिवस पिशवीत सुकलेल्या शेंगांतलं पाणी उडालेलं असतं, आणि आपला सगळा भरवसा तर त्या पाण्यावरच. शिरा काढू नका, शेंगा मोडू नका. अख्खी शेंग म्हणजे दाण्यांसाठी बंद डबीच असते, वाफ त्यातच कोंडून राहते.

भांबुर्ड्याच्या नावाखाली भलताच पाला

या बाबतीत कुणाचंही ऐकू नका, स्वतः खात्री करा. कापणी झालेल्या शेतांत आणि बांधांवर भांबुर्डा आपोआप उगवतो. मऊ, लवदार पानं, बारीक पिवळी फुलं, आणि पान चुरगळलं की ओव्याच्या जातीचा उग्र वास. पण त्याच बांधांवर घाणेरीसुद्धा असते, जिला कुठे टणटणी म्हणतात. तिचाही पाला चोळला की उग्र वास येतो आणि ती विषारी आहे. घाणेरीची पानं खरखरीत, कडेला दातेरी, फुलं गुच्छात आणि बहुधा रंगीबेरंगी. शंका आली तर गावातल्या जाणत्या बाईला दाखवा. पोपटीच्या दिवसांत रायगडात बाजाराच्या गावी भांबुर्ड्याच्या जुड्या विकायलाही येतात.

दुसरी काळजी तणनाशकाची. फवारलेल्या बांधावरचा पाला कितीही टवटवीत दिसला तरी आणायचा नाही. जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय पाला तोडू नये, हे त्यासाठीही.

पाला धुऊन झटकून घ्या. पाणी निथळत असलेला पाला तसाच कोंबला तर ते सगळं पाणी आत जातं. आणि हात आखडता घेऊ नका. मडक्याची भिंत जाळात शंभर अंशांच्या कितीतरी वर तापते. शेंग त्या भिंतीला थेट टेकली की ती जागा करपलीच. मधे पाल्याचा जाड थर असला तर आधी पाला सुकतो, त्याच्यातलं पाणी वाफ होऊन आत जातं आणि वासही सोबत नेतं. पाला कमी पडला म्हणून काळ्या झालेल्या पोपट्या सर्वांत जास्त.

मडकं आणि त्याची भरणी

कुंभाराकडून आणलेलं कोरं मडकं थेट जाळात ठेवलं तर तडकण्याचा धोका असतो. ओलं मडकं तर नक्कीच नको. मातीच्या छिद्रांत अडकलेल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि भिंत फुटते. घरात वापरून जुनं झालेलं मडकं घ्या, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. नखाने किंवा टिचकीने वाजवून बघा: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे.

मिठाचं गणित नेहमीच्या स्वयंपाकापेक्षा वेगळं असतं. रस्साच नाही, त्यामुळे मीठ एका जागी पडलं की तिथेच राहतं. शेंगा धुऊन निथळल्या, हाताला जेमतेम ओलसर लागत असतानाच परातीत घ्या, जाडं मीठ आणि ओवा टाकून दोन्ही हातांनी चोळा. किलोभर शेंगांना पंचवीस-तीस ग्रॅम मीठ ऐकायला जास्त वाटतं, पण बरंचसं सालावर राहतं. शेंग दातांत धरून ओढताना जिभेला लागतं ते तेच मीठ. मसाल्याचा मोह आवरा. गरम मसाला आणि कांदा-लसूण मसाला भांबुर्ड्याचा वास मारून टाकतात. वांग्या-बटाट्यात भरायला आलं, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीचं वाटण पुरे.

आता रचना. मडकं जाळात उलटं असतं, म्हणून भरताना जे तळाशी असतं ते शिजताना वर येतं. जाळ मडक्याच्या बाजूंनी आणि डोक्यावर असतो, तोंड जमिनीला टेकलेलं असतं, म्हणजे तोंडाकडची बाजू सर्वांत थंड. कच्च्या बटाट्याची तक्रार असेल तर तो बहुधा शेवटी, उरलेल्या जागेत कोंबलेला असतो. तळाशी आणि कडेला पाला अंथरल्यावर आधी बटाटे, रताळी, कोनफळ अशी कंदमुळं घाला. नंतर शेंगांचे थर, मधे वांगी आणि छोटे अख्खे कांदे, हवी तर अंडी. बटाटे लिंबाएवढे घ्या, मोठे असतील तर चीर द्या. वांग्याला चीर हवीच, एक तर अळी दिसते आणि शिवाय वाफ सुटायला वाट मिळते.

मडकं गळ्यापर्यंत भरा. अर्धवट भरलं तर उलटं करताना सगळं घसरून तोंडाशी येतं आणि केलेली रचना वाया जाते. मुठीने दाबून ठासूही नका, वाफेला फिरायला फट हवी. शेवटी तोंडात पाल्याचा बोळा घट्ट बसवा, मडकं उलटं धरल्यावर तो खाली येता कामा नये. मातीने किंवा कणकेने तोंड लिंपायची गरज नाही. जास्तीची वाफ पाल्यातून झिरपली पाहिजे.

कोंबडीबद्दल थोडक्यात: मसाला लावलेले छोटे तुकडे केळीच्या पानात बांधून कंदांबरोबर तळाशी ठेवतात. आतलं मांस ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवं, म्हणून मोठे तुकडे नकोत. सोबत शाकाहारी मंडळी असतील तर त्यांचं मडकं वेगळं लावा.

जाळ: सगळ्यात जास्त चुका इथे

पहिली म्हणजे मोठी लाकडं. ओंडके पेटायला वेळ लागतो आणि पेटले की आवरत नाहीत. बाहेरून मडकं लालबुंद, कडेच्या शेंगा कोळसा आणि मधला भाग कोमट. पोपटीला पेंढा, वाळलेलं गवत, काटक्या, नारळाच्या झावळ्या आणि शेण्या, म्हणजे गोवऱ्या, लागतात. पेंढा आणि गवत भराभर जळून मडकं सगळीकडून सारखं तापवतात, शेण्या मागे राहून मंद धग देतात. मडक्याभोवती शेण्या आणि काटक्या रचा, त्यावर पेंढा घालून मडकं पूर्ण झाकून टाका आणि मग पेटवा. नुसत्या बाजूंनी जाळ केला तर डोक्यावरची कंदमुळं तशीच राहतात.

जागा ओलसर असेल, आणि दंवामुळे ती संध्याकाळनंतर असतेच, तर आधी तिथे मूठभर पेंढा जाळून जमीन कोरडी करा. वारा एका बाजूने वाहत असेल तर जाळ त्याच्या विरुद्ध बाजूला झुकतो आणि मडक्याची वाऱ्याकडची बाजू थंड पडते. तिकडे सरपण जास्त घाला. मडकं मधेच फिरवायला जाऊ नका, पाला निघून सगळं बाहेर येईल.

रॉकेल ओतून पेटवणं, रंगवलेली फळकुटं, प्लायवूड, प्लास्टिक हे अजिबात नको. मडक्याची माती सच्छिद्र असते, तोंडाशी फक्त पाला असतो, तो वास थेट आत जातो. शिवाय प्लास्टिकचा धूर अंगालाही घातक.

आजूबाजूचं वाळलेलं गवत आधी काढून टाका आणि पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा. हिवाळ्यात कापलेली शेतं किती पटकन पेटतात ते गावच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण पाहुण्यांना सांगायला हवं. गच्चीच्या बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत निखारे पेटवून पोपटीचा घाट घालू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो कळतही नाही.

झाली की नाही?

तीन-चार किलोच्या मडक्याला साधारण ३० ते ४५ मिनिटं लागतात, पण घड्याळावर जाऊ नका. सरपण, वारा, मडक्याची जाडी यांवर ते बदलतं. पहिला निरोप वासाचा असतो. सुरुवातीला नुसता धूर आणि कच्च्या पाल्याचा हिरवट वास येतो. मग एका टप्प्यावर तो हिरवटपणा जातो आणि शिजलेल्या वालाचा, ओव्याचा खमंग वास धुरातून वेगळा कळू लागतो. तेव्हा बोटांनी चार थेंब पाणी मडक्यावर शिंपडा. चर्र आवाज होऊन थेंब क्षणात नाहीसे झाले तर पोपटी झाली. थेंब ओघळत खाली आले तर आणखी पेंढा घाला. चारच थेंब मात्र. लवकर निवावं म्हणून तापलेल्या मडक्यावर तांब्याभर पाणी ओतलं की ते हमखास तडकतं.

निखारे काठीने बाजूला सारा, मडकं जाड, कोरड्या गोणपाटाने धरून आडवं करा, मग सरळ. पाला काढताना तोंड बाजूला ठेवा, कोंडलेली वाफ एकदम वर येते आणि हात-चेहरा भाजतो. मडकं उघडल्यावर पंधरा मिनिटं गप्पा मारत बसू नका. तापलेल्या भिंतीमुळे आतलं शिजणं चालूच राहतं, शेंगा सुकतात. लगेच केळीच्या पानावर ओता, पाला बाजूला काढा. पाला खायचा नसतो.

पहिली शेंग उघडून दाणा चिमटीत दाबा. तो पिठूळ चुरला पाहिजे, सालावर सुरकुत्या आणि एखाद-दुसरा तपकिरी डाग असावा. दाणा कच्चट असेल तर तसाच रेटून खाऊ नका, कच्चे वाल पोटाला त्रास देतात. सगळं परत मडक्यात भरा, पाला पुन्हा बसवा, मडकं उलटं करा, दहा मिनिटांचा पेंढा जाळा.

शेत नाही, मडकं नाही

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये किंवा परदेशात करायची तर सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रेशर कुकर. त्यात तळाला पाणी लागतं आणि शेंगा उकडून निघतात. त्याऐवजी घट्ट झाकणाचं जड बिडाचं भांडं घ्या, आत केळीचं पान दुहेरी अंथरा. भांबुर्डा मिळत नसेल तर कुंडीतल्या पानओव्याची भरपूर पानं वापरा. चव अगदी तीच नाही, पण जवळची. पाण्याचा थेंबही न घालता वरून पान झाका, झाकणाच्या कडेला कणीक लावा आणि ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर पाऊण ते एक तास ठेवा. मातीचं भांडं असेल तर ते थंड ओव्हनमध्येच ठेवून मग ओव्हन चालू करा, तापलेल्यात सरकवलं तर तडकेल. परदेशात ताज्या शेंगा नसतील तर भारतीय दुकानांतल्या गोठवलेल्या पापडीवर भागवावं लागतं. ती पूर्ण सुटी होऊ द्या आणि फडक्यावर कोरडी करा, नाहीतर बर्फाचं पाणी भांड्यात साठतं. शेण्यांच्या धुराचा वास मात्र यात येणार नाही.

आमच्याकडे पोपटीबरोबर चटणी-पोळी लागत नाही, फार तर कच्चा कांदा. फेब्रुवारीत अलिबागचा नवा पांढरा कांदा आला की तो. शेंगा उरल्या तर रात्रीच सोलून ठेवा, सालासकट ठेवल्या तर दाणे कडवटतात. सकाळी कांदेपोह्यांत ते दाणे घाला, त्या दिवशी पोह्यांत मीठ थोडं कमी.