तोडगा मागितला की आधी अडचण लिहा

समजा, तुम्ही एका वाचनालयाचं सॉफ्टवेअर सांभाळता. ग्रंथपाल बाईंचा फोन येतो, "शोधाच्या पानावर दाखल क्रमांकाची चौकट टाकून द्या ना." दाखल क्रमांक म्हणजे वाचनालय प्रत्येक पुस्तकाला देतं तो नोंदीचा क्रमांक. काम तासाभराचं आहे, हात शिवशिवतात. पण बाईंनी अडचण सांगितलेलीच नाही. स्वतः काढलेला तोडगा सांगितला आहे.

१. प्रसंग विचारा. "का हवंय?" असं विचारू नका, त्यावर माणसं आपल्या तोडग्याचीच बाजू मांडत बसतात. "शेवटचं कधी अडलं होतं?" हे विचारा. मग खरं बाहेर येतं. काल एक आजोबा सह्याद्रीतल्या दऱ्यांवरचं पुस्तक मागत होते. बाईंनी मोबाइलवर 'दऱ्या' टाइप केलं, काहीच आलं नाही. पुस्तक समोरच्या कपाटात.

२. टिकिटात, म्हणजे कामाच्या क्रमांक दिलेल्या नोंदीत, अडचण एका वाक्यात लिहा. "नावात 'दऱ्या' असलेलं पुस्तक नोंदीत असूनही शोधात सापडत नाही." वाक्यात चौकट, बटण, कॅश (माहितीचा तात्पुरता साठा) असा शब्द आला तर तुम्ही तोडगा लिहिताय, खोडा आणि पुन्हा लिहा. खाली काय टाइप केलं, कुठल्या यंत्रावर, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, एवढं पुरे.

३. तीच चूक स्वतः घडवून पाहा. तुमच्या संगणकावर 'दऱ्या' शोधलं तर पुस्तक मिळतं! बाईंच्या मोबाइलवर नाही. इथे खरी गोम आहे. 'दऱ्या'तला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला संकेत देणाऱ्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. नोंदी एका कीबोर्डवरून झाल्या, शोध दुसऱ्यावरून. दाखल क्रमांकाच्या चौकटीने यातलं काहीच सुटलं नसतं. आजोबांना क्रमांक कुठून माहीत असणार?

४. नाकारलेले पर्यायही लिहून ठेवा. ही पायरी सगळे गाळतात आणि वर्षभराने पस्तावतात. पहिला पर्याय, युनिकोडचं तयार नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं तेच अक्षर एका रूपात आणणं): त्याने हे दोन प्रकार एक होत नाहीत. दुसरा, सगळे जॉइनर उडवून टाकणं: मग त्या प्रकारे लिहिलेल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, आणि 'आचाऱ्याला' बोलवायचं तर 'आचार्याला' आमंत्रण जातं. तिसरा, र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त ठेवणं, नोंद करतानाही आणि शोधतानाही. जुन्या नोंदी एकदाच दुरुस्त करायच्या. हा घेतला. दुसरा का नाकारला हे लिहिलं नाही, तर पुढे कोणीतरी हौशी मुलगा "कोड साफ केला" म्हणत नेमकं तेच करेल.

५. कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात कारण आणि टिकिटाचा क्रमांक द्या. काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडच्या फरकात) दिसतंच. "शोध दुरुस्त" या संदेशाचा कोणाला उपयोग? असं लिहा: "अर्धा र दोन प्रकारे साठवला जात असल्याने शोध चुकत होता, दोन्ही एका रूपात आणले. टिकिट १४२." गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर 'Fixes #142' असं इंग्रजीत लिहिलं, तर बदल मुख्य शाखेत (कोडच्या मूळ प्रतीत) मिसळताच टिकिट आपोआप बंद होतं. लिनक्स कर्नलवाले (लिनक्स प्रणालीचा गाभा लिहिणारे) 'फिक्सेस' या ओळीत दुसरं टोक बांधतात: चूक ज्या कमिटने आणली, त्याच्या हॅशची (ओळख-संकेताची) पहिली १२ अक्षरं. ते कमिट सापडत नसेल तर गिट बायसेक्ट ही मधोमध तपासत जाणारी आज्ञा वापरा. दर वेळी उरलेल्यातले निम्मे बाद होतात, त्यामुळे १००० कमिटमधून सुमारे १० तपासण्यांत गुन्हेगार हाती लागतो. मात्र जाता जाता केलेली इतर डागडुजी या कमिटमध्ये कोंबू नका.

६. टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहा. दुरुस्तीआधी ती नापास झालीच पाहिजे. दोन्ही प्रकारे लिहिलेलं 'दऱ्या' सापडावं, आणि 'दर्या' शोधल्यावर ते येऊ नये.

७. बाईंना त्याच मोबाइलवर तोच शब्द शोधायला सांगा. मगच टिकिट बंद झालं असं माना, आपोआप झालेलं असलं तरी. चौकट तरीही हवी असेल तर ती वेगळी अडचण, वेगळं टिकिट.

८. तोडगा कधी काढून टाकायचा तेही नोंदवा. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशादर्शक यंत्रणेतला एक हिशेब उड्डाणानंतरही काही काळ चालू राहत असे. आधीच्या एरियान-४ रॉकेटच्या काळात उलटी गिनती अडली तर ती चटकन पुन्हा सुरू करता यावी, म्हणून ही सोय होती. एरियान-५ला तिची गरज नव्हती, तरी हिशेब चालूच राहिला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर होतं, तीही बंद पडली.

आपल्या टिकिटाच्या शेवटच्या ओळीत लिहा: "सगळे कीबोर्ड अर्धा र एकाच प्रकारे लिहू लागले आणि जुन्या नोंदी दुरुस्त झाल्या, की हा कोड काढावा." इतक्यात काही ती वेळ येत नाही.