शेरूला 'पुरे' शिकवलं त्याची गोष्ट

नागपूरजवळच्या वाडीला आमचं लहानसं गोडाऊन आहे. राखणीला शेरू, दोन वर्षांचा जर्मन शेफर्ड. आधीच्या ट्रेनरने त्याला पोतं गुंडाळलेल्या हातावर झेप घ्यायला शिकवलं, सोडायला मात्र नाही. हमाल असो की दूधवाला, सगळ्यांवर सारखाच धावायचा. साखळीला बांधलं तर आणखीच बिथरला. शेजारचे काका म्हणाले, "अबे, हा राखण नाही करून राहिला, तुझा धंदा बंद पाडून राहिला."

झेपेचा सराव आधी बंद केला. फाटकापासून दूर जुनी ताडपत्री टाकली, ती त्याची 'जागा'. फाटक वाजलं की दोन-तीनदा भुंकू द्यायचं (तेवढं हवंच), मग उकडलेल्या कलेजीचा तुकडा नाकाशी न्यायचा. वास घेताना तोंड मिटतं. नेमकं तेव्हाच भुंकणं थांबवायचा शब्द आणि तुकडा. जरा उशीर झाला, तो पुन्हा भुंकला, की बक्षीस भुंकण्याला जातं.

माझी चूक अशी की पहिले १० दिवस मी 'बस' म्हणत होतो. खाली बसायलाही 'बस'च! बिचारा भुंकत भुंकत बसायचा. 'पुरे' केलं तेव्हा गाडी रुळावर आली.

सराव पाच-पाच मिनिटांचाच, तोही सकाळी ६ च्या आत. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. ज्या डांबरावर आपला तळहात टेकवत नाही, तिथे त्याचे पंजेही भाजतात.

आता हमाल आले की दोनदा भुंकून शेरू ताडपत्रीवर जातो. दूधवाल्याच्या सायकलवर मात्र अजून डोळा आहे, म्हणून त्या वेळी पट्टा माझ्या हातात.