व्हाळाच्या, पऱ्याच्या नाहीतर खाडीच्या कडेला घर बांधताय? मग प्लॅन काढायच्या आधी हे करा

मे महिन्यात चाकरमानी कोकणात गावी येतो, जमिनीच्या कडेचा व्हाळ, म्हणजे ओढा, कोरडा ठणठणीत पडलेला असतो, पोरं त्यात क्रिकेट खेळत असतात, आणि कंत्राटदार सांगतो की अहो इथपर्यंत घेऊया ना जोतं, जागा कशाला फुकट घालवायची. आमच्याच घरी हे झालंय. काकांनी पडवी वाढवली आणि व्हाळापासून चार फुटांवर चिऱ्याचा गडगा घातला. पहिल्याच जुलैत तो गडगा आडवा झाला, चिरे खालच्या माणसाच्या भातात गेले आणि पडवीचा कोपरा खचला. तेव्हा शेजारची आजी म्हणाली होती, "पाणी खयसर येता ता मे म्हयन्यात कळाचा नाय." त्यानंतर मी स्वतःचं घर बांधताना सगळी ऑफिसं फिरलो, कागद वाचले, आणि जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक आधी प्लॅन काढतात, चिरे उतरवतात आणि मग नियम विचारायला जातात.

आधी एक पावसाळा बघा

जमेल तर बांधकामाच्या आधीचा आषाढ-श्रावण जमिनीवर जाऊन बघा. सलग तीन दिवस लागला की जा, छत्री घेऊन उभे राहा, पाणी कुठपर्यंत चढतं ते बघा आणि तिथल्या माडाच्या बुंध्यावर रंगाची रेघ मारून ठेवा, फोटो काढा, फोटोत तारीख येऊ द्या. नाहीच जमलं तर पूर ओसरल्यावर झुडपांत अडकलेलं गवत आणि प्लास्टिक किती उंचीवर आहे ते बघा, तेही बरंच सांगतं. आणि वाडीतल्या जुन्या माणसांना दोन तारखा विचारा, 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021. त्या दिवशी पाणी कुठे होतं हे लोकांना पायरी-पायरीने आठवतं. 2021 ला वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड कसं बुडवलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण त्याच दिवसांत असंख्य छोट्या पऱ्यांनीही आपली पात्रं सोडली होती, त्यांची बातमी झाली नाही एवढंच.

हे सगळं नियमासाठीही लागतं, कारण नियमात अंतर मोजतात ते पाण्याच्या काठापासून, तुम्हाला मे महिन्यात दिसणाऱ्या दगडगोट्यांच्या मधल्या धारेपासून नाही.

तुमचं पाणी कुठलं ते ठरवा: भरतीचं की गोडं

इथेच सगळे फसतात. नियम दोन वेगळ्या वाटांनी येतात. पाण्यावर भरती-ओहोटीचा परिणाम होत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नियम, लागतो, होत नसेल तर नगररचनेचे आणि पाटबंधाऱ्याचे पूररेषेचे नियम. लोकांना वाटतं सीआरझेड म्हणजे समुद्र, आमचं गाव आत आहे, आम्हाला काय. पण दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येतं, समुद्र तिथून कितीतरी लांब आहे. सीआरझेडमध्ये भरतीचा परिणाम कुठपर्यंत हे ठरवतात ते पाण्याच्या खारटपणावरून, वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्यात 5 पीपीटी (हजार भागांत पाच भाग) क्षार जिथपर्यंत सापडतात तिथपर्यंत. म्हणजे पावसाळ्यात गोडं लागणारं पाणी एप्रिलमध्ये मचूळ लागत असेल तर सावध व्हा. काठावर चिपी, तिवर ही खाऱ्या पाण्यातली झाडं उगवलीत का ते बघा, तेवढी खूण पुरेशी आहे की चौकशी केलीच पाहिजे.

कागद गोळा करा

सातबारा, आठ अ, गाव नकाशा, फाळणीबारा (पोटहिश्श्यांचा नकाशा). सातबाऱ्यावर पोटखराबा बघा, आणि नुसता आकडा नको, तो 'अ' आहे की 'ब' ते बघा. 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य, खडक वगैरे. 'ब' म्हणजे सार्वजनिक किंवा खास कारणासाठी सोडलेली, त्यात रस्ता, ओढा, नाला असं येतं. तुमच्या नंबरातून व्हाळ जात असेल तर त्याखालची जागा बऱ्याचदा या 'ब' मध्ये असते आणि त्यावर बांधायचं नाही. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदी, ओढे, नाले यांची पात्रं सरकारची, दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झाला नसेल तर. त्यामुळे 'व्हाळ आमच्याच जमिनीत हा, आमचो आजो सांगायचो' हे ऑफिसात चालत नाही.

मग भूमी अभिलेखकडे मोजणी टाका. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यांना बोलवा, आणि मोजणीदाराला सांगून व्हाळाचा काठ नकाशावर दाखवून घ्या. व्हाळ सरकतो. जुन्या नकाशात तो जिथे आहे तिथे आज असेलच असं नाही, आणि दोन्ही रेषा एका कागदावर असल्या की पुढची अर्धी भांडणं टळतात.

खाडीकाठ असेल तर

सध्याची सीआरझेड अधिसूचना 18 जानेवारी 2019 ची आहे. त्याआधीची 2011 ची. 2019 चे सवलतीचे नियम त्या त्या जिल्ह्याचा नवा मंजूर नकाशा आला की लागू होतात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की आमच्या गावाला आज कुठला नकाशा चालू आहे. हा प्रश्न लेखी विचारा.

2019 प्रमाणे ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड 3 मध्ये, समुद्राकाठी भरतीरेषेपासून 200 मीटर ना विकास क्षेत्र, म्हणजे नवीन घर बांधायला बंदी असलेला पट्टा, आहे. जिथे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं राहतात फक्त तिथे ते 50 मीटर होतं. सिंधुदुर्ग जिल्ह्याची त्या वर्षीची सरासरी 163 होती, त्यामुळे पेपरात 50 मीटर वाचून आपल्या गावात बांधायला निघू नका. खाडीचं वेगळं, तिथे 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. म्हणजे खाडीचा फाटा 20 मीटर रुंद असेल तर भरतीरेषेपासून 20 मीटर. 2011 च्या नियमात हेच 100 मीटर किंवा रुंदी होतं.

भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथपर्यंत चढतं ती रेघ. ती तुम्ही-आम्ही ठरवायची नाही, कंत्राटदाराने तर नाहीच. ती मंजूर नकाशावर असते, आणि गट नंबरनिहाय बघायची तर 1:4000 च्या नकाशावर केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थांकडून दाखवून घ्यायची असते. त्याला पैसे लागतात हे खरं आहे, पण घराच्या खर्चापुढे ते काढावेतच.

तिवरांचं आणखी कडक. कांदळवन हे सीआरझेड 1 अ मध्ये येतं, आणि मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकाम नाही असं स्पष्ट केलंय, जमीन खाजगी असली तरी. तिवरं तोडून मग 'इथे काही नव्हतंच' म्हणायची जी पद्धत पडलीय तिचा मला मनापासून राग आहे. सॅटेलाइटचे जुने फोटो सगळ्यांकडे असतात, पकडलं जातंच, आणि पकडलं गेलं नाही तरी त्या तिवरांतच कोळंबी आणि काळुंदर वाढतात, त्यावर आपल्याच गावातली घरं चालतात.

खाजणवाल्यांसाठी, म्हणजे खाडीलगतची खारी जमीन असणाऱ्यांसाठी, एक उपयोगाची गोष्ट. खारबंधारा किंवा उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) 19 फेब्रुवारी 1991 च्या आधीची असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशी थांबते, आतल्या शेतापर्यंत येत नाही. म्हणून बंधारा कधीचा आहे याचा कागद खारभूमी विभागातून काढून ठेवा. पण बांध फुटून खारं पाणी आत आलं आणि तिवरं उगवली असतील तर ती जागा पुन्हा संरक्षितच.

ना विकास क्षेत्राच्या बाहेर पण सीआरझेडच्या आत गावकऱ्याला घर बांधता येतं, तळमजला अधिक एक, उंची 9 मीटरपर्यंत. स्वतः राहायचं घर 300 चौरस मीटर बांधकामापर्यंत असेल तर 2019 च्या नियमात राज्याच्या किनारा प्राधिकरणाकडे जावं लागत नाही, स्थानिक यंत्रणाच मंजुरी देते, मात्र तिने सीआरझेड तपासूनच द्यायची असते. जुनं अधिकृत घर ना विकास क्षेत्रात असेल तर दुरुस्ती, पुनर्बांधणी चालते, पण आहे तेवढ्याच जोत्यावर आणि तेवढ्याच एफएसआयमध्ये (चटई क्षेत्रात). पडवी ओढून बाहेर काढली की ते नवीन बांधकाम. आणि वाळूचे ढीग, म्हणजे किनाऱ्यावरचे नैसर्गिक उंचवटे, सपाट करायला सक्त मनाई आहे, भले ते तुमच्या सुरुबनात असोत.

नदीकाठ असेल तर निळी रेषा, लाल रेषा

जलसंपदा विभाग नदीला दोन पूररेषा आखतो. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, 2020 साली आली, तिच्यात नदीचा काठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आहे. बाग, पार्किंग असलं काही चालतं, घर नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे घर बांधता येतं पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर घ्यावं लागतं. 'आमच्या अंगणापासून दीड फूट' नाही, लाल रेषेपासून. हे नीट वाचा, कारण काही ठिकाणी त्याचा अर्थ माणसाच्या उंचीइतकं जोतं असा होतो आणि बजेट बदलतं.

चिपळूणला या रेषांवरून लोक खूप चिडलेत, आणि त्यांची बाजूही आहे, कारण अर्धी बाजारपेठ त्यात येते आणि गाळाने भरलेल्या नदीचा भार मालकांनी का सोसायचा हा प्रश्न रास्त आहे. पण नवीन घर बांधणाऱ्याने त्या वादाच्या भरवशावर निळ्या रेषेत पाया खणू नये.

पूररेषा आखलेली नसेल तरी मोठ्या प्रवाहाच्या काठापासून 15 मीटर सोडावेच लागतात. छोट्या नाल्याला अंतर कमी आहे, तो आकडा तुमच्या जागेसाठी नगररचना कार्यालयातून झोन दाखल्याबरोबर (जमीन कुठल्या विभागात येते तो दाखला) लेखी मागून घ्या.

परवानगीचा क्रम

झोन दाखला आणि भाग नकाशा, मग पाण्याबद्दलचे दाखले (सीआरझेड किंवा पूररेषा), मग आर्किटेक्टचा प्लॅन, मग ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत. गावठाणाच्या 200 मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी एनए (बिगरशेती) परवानगी लागत नाही, गावठाणातल्या छोट्या घरांनाही बरीच सूट आहे. पण ही सूट कागदपत्रांतली आहे. तिने सीआरझेड किंवा पूररेषा पुसली जात नाही, आणि ग्रामपंचायतीचा ठराव किंवा घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. सीआरझेड पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतो, त्यात आता दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत आहे, घर पाडायला लागतं ते निराळं.

पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह यादीत गाव आहे म्हणून घाबरून लोक फोन करतात. त्या प्रस्तावित अधिसूचनेत (2024 ला तिचा मसुदा पुन्हा निघाला) बंदी 20,000 चौरस मीटर आणि वरच्या बांधकामांवर आहे, तुमच्या चार खोल्यांवर नाही.

बांधताना

गडगा व्हाळाच्या काठावर घालूच नका, आणि घालायचाच तर आत सरकून, खाली पाणी जायला मोऱ्या ठेवून. मी तर त्या जागी बांबू, वाळा आणि करंज लावलाय, चार वर्षांत मातीचा एक डिखळा सुटला नाही. घराकडे जायला साकव करायचा असेल तर दोन सिमेंटचे पाईप टाकून वर भराव, हे नको. पहिल्या पुरात पाईपात ओंडका अडकतो आणि पाणी तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या खळ्यात शिरतं. पात्राच्या दोन्ही काठांवर आधार घेऊन सरळ स्लॅब टाका, आणि पात्र सरकारी असल्याने त्याची परवानगी आधी घ्या. मातीचा भराव आणायचा तर गौण खनिजाचा परवाना लागतो, आणि खाडीच्या पाण्यात किंवा भरतीच्या पट्ट्यात भराव मुळीच चालत नाही.

शोषखड्ड्याकडे कुणी बघत नाही. पिण्याच्या विहिरीपासून तो निदान 18 मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं, पण आपला जांभा भोकाभोकांचा, पाणी त्यातून सरळ धावतं, म्हणून मी 30 मीटर सोडले आणि व्हाळाच्या उलट्या बाजूला खणला. व्हाळाच्या खालच्या अंगाला कुणाची विहीर, कुणाचा पाणवठा आहे ते आधी फिरून बघा आणि त्या माणसाला स्वतः जाऊन सांगा की आम्ही घर बांधतोय, टाकी इकडे घेतोय. आमच्याकडे खालच्या घरातल्या वहिनींनीच दाखवलं की जुना झरा नेमका आमच्या टाकीच्या जागेखालून येतो, मग आम्ही टाकी हलवली.

जोतं झालं की पुढच्या कामाआधी तेवढ्यापुरतं पुन्हा अंतर मोजून, टेप धरून, काठासकट फोटो काढा आणि तो मंजूर नकाशा, मोजणीची क प्रत (मोजणीचा नकाशा), दाखले यांच्याबरोबर एका फाइलीत लावून एक सेट गावात आणि एक मुंबईत ठेवा. गावातला सेट लोखंडी पेटीत, माळ्यावर, खाली नको.