घरच्या घरी एअर पिस्तूलचे पेलेट कसे तपासायचे

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, परदेशातले नेमबाज घरी बसून पिस्तुलाची काडतुसं स्वतः भरतात, पावडर तोलतात, बुलेट बसवतात, तसं आपल्याला कोल्हापुरात जमेल का? नाही जमणार भावा. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ नुसार लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं हाच गुन्हा आहे, हौस म्हणून केलं असं सांगून सुटका होत नाही. आणि समजा कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या उपयोगाचं नाही, कारण २५ मीटर पिस्तूलला .२२ चं काडतूस लागतं, आपल्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये गोल्ड मारलं तो हाच इव्हेंट. हे काडतूस रिमफायर असतं, त्यातला पेटणारा मसाला कडेच्या दुमडीत आतून बसवलेला असतो, एकदा उडालं की रिकामी केस भंगारातच जाते.

मग घरी काय करता येतं? दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारं, आणि त्याचे पेलेट, म्हणजे शिशाचे छोटे छर्रे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूल ताकदीच्या आतलं एअर वेपन लायसन्सच्या बाहेर आहे, आणि मॅच पिस्तूल तर पाच-सहा ज्यूलच्या घरातच असतं. हँडलोडिंगवाले, म्हणजे स्वतः काडतुसं भरणारे, जो खटाटोप करतात, म्हणजे आपल्या नळीला कुठला माल मानवतो ते शोधायचं, तोच इथं पेलेटवर करता येतो.

आधी जागा. दहा मीटर सरळ मिळत असतील, म्हणजे शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात पुढच्या सोप्यातून मागच्या परड्यापर्यंत मिळतातच बऱ्याच जणांना, तरच पेलेट उडवा. मधे कुठला दरवाजा उघडत असेल तर आतून कडी लावा आणि घरच्यांना सांगून ठेवा. गच्चीवर अजिबात नको, शेजाऱ्याच्या गच्चीवर कोण कधी कपडे वाळत घालायला येईल सांगता येत नाही. टार्गेटमागं सरळ उभी पत्र्याची प्लेट ठेवू नका, शिसं त्यावर आपटून उलटं तोंडावर येतं. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं तर तो पेलेट अडवायची पेटी बनवून देतो, आतली प्लेट खाली झुकलेली तिरकी पाहिजे म्हणजे पेलेट आपटून खालच्या ट्रेत पडतो. पेटीचं तोंड १७ सेमीच्या टार्गेट कार्डापेक्षा मोठं ठेवा आणि मागं जाड जुनं कार्पेट लटकवा. डोळ्याला चष्मा, घरात कार्ड बदलायला जाणाऱ्यालासुद्धा. पिस्तूल हातातून खाली ठेवताना लिव्हर उघडी, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) आत. घरी आहे म्हणून यात सूट नाही.

जागा नसेल तर घरी ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगरचा सराव, करा आणि पेलेट टेस्ट दुधाळीच्या रेंजवर जाऊन करा, काही बिघडत नाही.

आता पेलेट. पिस्तूलसाठी सपाट तोंडाचे वॉडकटर लागतात, साधारण ०.४५ ग्रॅमचे, ०.५३ वाले जरा जड असतात आणि ते जास्त करून रायफलवाले घेतात. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी, क्यूवायएस ही नावं रेंजवर ऐकायला मिळतीलच. डब्यावर हेड साइज, म्हणजे पेलेटच्या तोंडाची मिलिमीटरमधली जाडी, असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. कुठला चांगला म्हणून विचारू नका, दुसऱ्याच्या नळीला जो मानवतो तो तुमच्या नळीला मानवेलच असं नाही, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांत फरक पडतो. म्हणून मोठा स्टॉक घ्यायच्या आधी दोन-तीन प्रकारचा एकेक डबा मिळवा, क्लबातल्या पोरांशी अर्धा-अर्धा वाटून घेतला तरी चालतं.

वजन करायचं का? हे सगळे विचारतात, कारण आपल्याकडं गुजरीत सोनाराचा काटा सहज बघायला मिळतो आणि मिलिग्रॅमचा काटा ऑनलाइन पण येतो, मग वाटतं एकेक पेलेट तोलून वेगळा काढला की स्कोअर वाढणार. हिशोब करून बघा. साधारण १५० मीटर सेकंदाचा वेग धरला तर दहा मीटर जाईपर्यंत पेलेट बावीसेक मिलिमीटर खाली येतो. वजन एक टक्का, म्हणजे साडेचार मिलिग्रॅम वाढलं तर वेग अर्धा टक्का कमी होतो आणि पेलेट अजून ०.२ मिमी खाली लागतो. दशांश दोन मिलिमीटर! त्याच्यासाठी रविवार सगळा काट्यापुढं घालवायचा? काटा वापरायचाच असेल तर एकदम हलका निघालेला, आत पोकळी राहिलेला पेलेट बाजूला काढायला वापरा, बाकी सोडून द्या.

त्यापेक्षा डोळा वापरा. उजेडाकडं धरून पेलेटचा मागचा घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो बघायचा. डबा पडला की शिसं मऊ असल्यामुळं तो चेपतो, कुठं किंचित सपाट दिसतो, कुठं काठाला खाच पडलेली असते. शंका आली तर सपाट काचेवर हलकेच ढकला, चांगला पेलेट एकसारख्या वळणानं गोल फिरत जातो, वाकलेला मधेच अडखळतो, डुलतो. असले सरावातल्या पहिल्या पाच शॉट्सना वापरून टाका, टेस्टला नको. आणि जमिनीवर पडलेला पेलेट परत डब्यात टाकू नका, वाळूचा एक कण नळीत गेला तरी नुकसान तुमचंच.

टेस्ट करताना हाताची चूक वगळायची असते, नाहीतर तुम्ही पेलेट नाही, स्वतःला तपासताय. चांगलं क्लॅम्पिंग जिग, म्हणजे पिस्तूल घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, मिळालं तर उत्तम, पण त्यात पिस्तूल फ्रेमला धरायचं, नळीला किंवा हवेच्या सिलेंडरला आवळायचं नाही. जिग नसेल तर जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून दोन्ही टोकं शिवा, टेबलावर ठेवा, खुर्चीत बसून दोन्ही हातांनी पिस्तूल त्यावर टेकवा. नवा पेलेट चालू केला की आधी पाच-दहा शॉट फुकट मारा, नळीला त्याची सवय होऊ दे. मग एका कार्डावर पाच शॉट, कार्ड बदला. पहिल्या डब्याची सगळी कार्डं उरकून मग दुसरा डबा असं करू नका, एक कार्ड अ, एक ब, एक क, परत अ, नाहीतर शेवटी तुम्ही दमलेले असता आणि बिचारा तिसरा पेलेट बदनाम होतो. सिलेंडरमधली हवा फार खाली जाऊ देऊ नका, मधेच संपली तर ते कार्ड रद्द. प्रत्येकाची पाच कार्डं तरी पाहिजेत, एका कार्डावर एक भारी ग्रुप, म्हणजे पाचही भोकं जवळजवळ, दिसला की लगेच नाद खुळा म्हणून दहा डबे मागवणारे लोक आहेत, एका ग्रुपनं काही कळत नाही.

मोजायचं व्हर्नियरनं, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा धरून, आणि त्यातून ४.५ वजा. बाहेर गेलेला शॉट ‘माझ्यामुळं गेला’ म्हणून खोडू नका, फक्त ट्रिगर दाबतानाच तुम्ही मोठ्यानं चुकलो म्हणाला असाल तर गोष्ट वेगळी.

आकडा आला की त्याला घाबरू नका. एअर पिस्तूलच्या कार्डावर दहाची रिंग ११.५ मिमीची आहे आणि पेलेटची कड नुसती रेषेला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत सरकला तरी दहाच. थोडक्यात तुमच्याकडं १६ मिमीचं मैदान आहे. एका पेलेटचा ग्रुप ५ मिमी, दुसऱ्याचा ६ मिमी आला तर क्वालिफिकेशनच्या साठ शॉट्समध्ये तो फरक दिसणारच नाही, जो डबा वेळेवर मिळतो तो घ्या. एकाचा ५ आणि दुसऱ्याचा १० आला तर मात्र दुसरा गेला. दहाच्या आतली इनर टेन रिंग ५ मिमीची, ती टाय झाला की मोजतात, आणि फायनलला दशांशात गुण असतात, तिथं जाणाऱ्यानं बारीक बघावं. सहाशेपैकी पाचशे वीस-तीस मारणाऱ्यानं पेलेट बदलून स्कोअर वाढेल ही आशा सोडावी, त्याचे गुण ट्रिगरवर जातायत.

डबा ठरला की त्याच बॅचचे जितके परवडतात तितके एकदम घ्या, बॅच नंबर लेबलवर असतो. माल बाहेरून येतो, पुढच्या वेळी तीच बॅच दुकानात असेलच असं नाही, आणि नवी बॅच आली की टेस्ट परत पहिल्यापासून.

आपल्याकडच्या पावसाचं पण बघायला पाहिजे. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरी पावडर धरते आणि कार्डं मऊ पडून भोक स्वच्छ कापलं जात नाही, फाटतं, मग मोजणार काय? पेलेट आणि कार्डं दोन्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. सिलेंडरच्या तोंडाला आणि भरायच्या ॲडॅप्टरला तेल-ग्रीस लावायचं नाही, दोनशे बारच्या हवेत तेल पेटू शकतं. सिलेंडरवर छापलेली मुदत बघत जा, ती उलटली की तो भरायचाही नाही आणि मॅचला चालतही नाही.

झाल्यावर हात साबणानं धुवा, त्याच्या आधी चहा-बिस्कीट काही नको, बोटाला लागलेलं शिसं पोटात जातं. पेटी रिकामी करताना मास्क लावा, झाडू मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं टाकून द्या. लहान पोरं असतील तर पेटी आणि डबे कुलपात. ट्रेत जमलेलं शिसं बरणीत साठवा, किलोभर झालं की भंगारवाला आनंदानं नेतो.