पवनचक्कीच्या टॉवरचं उरलेलं आयुष्य मोजताय? या चुका टाळा

साताऱ्याकडच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावरच्या कितीतरी पवनचक्क्यांनी विशी ओलांडलीय आणि डिझाईन लाइफ साधारण 20 वर्षांचंच धरलेलं असतं, त्यामुळे टॉवर अजून किती वर्षं काढेल हे मालकांपासून टेक्निशियनपर्यंत सगळेच विचारतायत.

पहिली चूक म्हणजे नुसत्या स्काडाच्या (मशीनवर नजर ठेवणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टीमच्या) 10 मिनिटांच्या सरासरीवर गणित करणं. तेवढ्या वेळात टॉवर शेकडो वेळा डोलतो, फटीग, म्हणजे सतत वाकून धातूला येणारा थकवा, त्या डोलण्यानेच होतो आणि सरासरीत नेमकं तेच पुसलं जातं. टॉवरला स्ट्रेन गेज (पोलाद किती ताणलं जातं ते मोजणारी पट्टी) चिकटवून सेकंदाला निदान 20 रीडिंग घ्या.

आता स्ट्रेन गेजचा झिरो, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. गेज चिकटवता तेव्हा टॉवरवर आधीच लोड असतो, म्हणजे तेव्हाचं रीडिंग झिरो धरून चालतच नाही. वारा पडलेला असताना मशीन थांबवून नॅसेल (टॉवरच्या डोक्यावरची जनरेटरची पेटी) हळूहळू पूर्ण एक फेरी फिरवा (केबलला पीळ किती बसलाय ते आधी बघा). नॅसेल आणि रोटरचं वजन टॉवरच्या मध्यापासून पुढे असतं, म्हणून रीडिंग लाटेसारखं वरखाली जातं, त्या लाटेचा मध्य हा तुमचा झिरो. आम्ही एकदा हे भर दुपारी केलं आणि लाट वाकडीच आली, कारण उन्हाने टॉवरची एकच बाजू तापली होती. पहाटे परत केलं तेव्हा कुठे स्वच्छ लाट मिळाली.

एवढी काटेकोरी कशाला, तर टॉवरच्या वेल्डच्या फटीगच्या हिशेबात स्ट्रेसचा तिसरा ते पाचवा घात येतो, म्हणजे कॅलिब्रेशन चुकून स्ट्रेस 10 टक्के जास्त आला की डॅमेज 33 ते 61 टक्के जास्त दिसतं, आणि कमी आला तर त्याहून वाईट, टॉवर थकलेला असूनही कागदावर ठणठणीत.

फक्त हिवाळ्याचे तीन महिने मोजून वर्षाचा अंदाज बांधू नका, आपल्याकडे खरा वारा पावसाळ्यात. मशीन बंद होती तो काळही सोडू नका, पंखा फिरताना वाराच टॉवरचं पुढेमागे डोलणं दाबतो, बंद असताना तो आधार जातो. रेनफ्लो मोजणीही (स्ट्रेसच्या लहानमोठ्या सायकली मोजण्याची पद्धत) 10-10 मिनिटांचे तुकडे पाडून थांबवू नका, दिवसभरातली मोठी सायकल त्यात हरवते.

आणि हे सगळं गणित वेल्डचं आहे, फ्लँजच्या (टॉवरचे भाग जोडणाऱ्या कड्यांच्या) बोल्टांचं टेन्शन वेगळं तपासावंच लागतं.